डावा हात आणि तीन तारा

उत्तर देण्याआधी

डायलिसिसच्या मशीनवर जायचं ठरलं की डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात. "लिहिता कोणत्या हातानं?" बहुतेक जण चटकन सांगून टाकतात, उजव्या. मीही सांगितलं. हे लिहायला बसलो ते मुख्यतः एवढ्यासाठी, की ज्यांना हा प्रश्न उद्या-परवा विचारला जाणार आहे त्यांनी अर्धा मिनिट थांबावं. आपला डावा हात दिवसभर काय काय करतो ते आठवावं. कुणाचं शिवणकाम असेल, कुणाची ढोलकी असेल. मग तोंड उघडावं.

मी मिलिंद. वय त्रेचाळीस. राहायला आखाडा बाळापूरला, दुकान वारंगा फाट्यावर. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर दुरुस्त करतो. दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. आजाराची शास्त्रीय माहिती मी देणार नाही. ती डॉक्टरांना माझ्याहून बरी येते, आणि मोबाइलवर वाचून वाचून आपल्या सगळ्यांचीच अर्धी डॉक्टरकी झालेली असते. मी माझ्यापुरतं सांगतो.

दुकान

फाट्यावर शांतता नावाची वस्तू मिळत नाही. ट्रकचे हॉर्न, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, चहाच्या टपरीवरची गाणी, आणि या सगळ्यात मी, तेही आवाजाच्याच धंद्यात. जयंती झाली, लग्नसराई झाली, गणपती झाले की जिल्ह्यातले निम्मे बॉक्स घसा बसवून माझ्याकडे येतात.

बॉक्स दुरुस्त झाला की तो तपासायचा असतो. बाकीचे मेकॅनिक दणदणीत गाणं लावतात. छाती हादरली की बॉक्स पास. मला ते कधी पटलं नाही. मोठ्या आवाजात सगळे दोष दडून बसतात. आतली कॉइल घासत असेल, अर्थिंग कच्चं असेल, स्पीकरचा कागद कुठे सुटला असेल, हे कळतं ते हळू आवाजात, दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या जागेत. म्हणून मी असं काहीतरी शोधत होतो ज्यात रिकामी जागा भरपूर आहे. शोधता शोधता मोबाइलवर एक माणूस सापडला. खोलीत एकटाच बसून साधी लाकडी गिटार वाजवत होता. गाणारा नाही, तबला नाही, काही नाही. एक सूर छेडायचा, तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचा, मग दुसरा. पहिल्यांदा मला वाटलं नेट अडकलं.

मग मी तेच लावू लागलो. डीजेवाले कंटाळायचे. एकानं तर विचारलं, "मिलिंदभाऊ, घरात कोनी गेलं का?" मी म्हणायचो, "गप ऐक, तुझ्या बॉक्सची खरखर आत्ता निघंल." आणि निघायची.

पुढे पुढे बॉक्स नसतानाही ते ऐकायला लागलो. त्यात मला काय सापडलं हे नीट सांगता येत नाही, तरी प्रयत्न करतो. आपल्याकडचं बहुतेक गाणं माणसाच्या हाताला धरून नेतं. इथे नाच, इथे रड. हा गिटारवाला कुठेच नेत नव्हता. एक सूर द्यायचा आणि बाजूला व्हायचा. तो सूर जाताना मागे एक हुरहूर राहायची, पुढचा कधी येईल याची, आणि ती हुरहूर मला सुराहून जास्त आवडायची. दिवसभर कानावर आदळून घेणाऱ्या माणसाला असं मोजकं मिळालं की तो त्याला चिकटतोच.

शेवटी नांदेडहून एक गिटार आणली. शिकवणारा कुणी नव्हता. सहा वर्षं मी एकटाच चुकत राहिलो. रोज सकाळी शटर अर्धंच वर करायचं, आत बसून दहा मिनिटं वाजवायचं, मग शटर पूर्ण. माझं म्हणून एकच छोटं वाजवणं तयार झालं होतं. पाच सूर. शेवटचा सूर डाव्या हाताच्या बोटानं तारेवरून किंचित वर सरकवत न्यायचा. तो सरकत जाताना मला दर वेळी लहानपणी कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. कोण, ते मात्र कधी आठवलं नाही.

कागद

पाय सुजत होते. जेवणावरची वासना उडाली होती. मी ओवा चावत होतो आणि पित्त आहे म्हणून सगळ्यांना सांगत होतो. बायको रेखा अंगणवाडी सेविका आहे. गावभरच्या लेकरांची वजनं तिच्या वहीत असतात. तिनं एक दिवस माझ्या पायावर अंगठा दाबला, पडलेला खड्डा बघितला आणि म्हणाली, "हे पित्त न्हाई. उद्या नांदेड."

नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मला सोडून दाराकडे बघत विचारलं, "सोबत कोण आलंय?" या वाक्याचा अर्थ पेशंटला लगेच कळतो. रेखा पुढे आली. दोन्ही किडन्या जवळपास बंद पडल्या होत्या. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं हे केलं होतं, आणि ते बीपी मी एकदाही मोजलं नव्हतं.

मी मेकॅनिकासारखंच विचारलं, "दुरुस्त होईल का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आता मशीन. आठवड्यातून तीनदा."

"किती दिवस?" रेखानं विचारलं.

"कायमच समजा."

रेखा रिपोर्टची घडी घालत राहिली. घडीवर घडी, तो कागद काडेपेटीएवढा झाला तरी थांबेना. बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "भूक लागली का?" आम्ही बसस्टँडवर पोहे खाल्ले. कसे होते आठवत नाही, पण दोघांनी ताटली पुसून खाल्ली.

किडनी देण्याचं पाहून झालं. मायला साखर आहे, म्हणून ती बाद. रेखाच्या तपासण्या जुळल्या नाहीत. त्या दिवशी ती माझ्यावरच चिडली, जणू मीच तिला नापास केलं. यादीत नाव लावलंय. नंबर येईल तेव्हा येईल.

उजव्या

सुरुवातीला मानेत नळी घालून मशीन सुरू झालं. पण नळी फार दिवस ठेवता येत नाही, तिच्यातून जंतुसंसर्ग होतो. म्हणून हातात एक छोटं ऑपरेशन करतात, रोहिणी आणि नीला या दोन रक्तवाहिन्या जोडून देतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यातून पुढे वर्षानुवर्षं सुया टोचता येतात. लिहिता हात मोकळा राहावा म्हणून दुसऱ्या हातात करतात. म्हणून तो प्रश्न.

"उजव्या," मी म्हणालो आणि माझ्या डाव्या कोपराजवळ ऑपरेशन झालं.

परत येताना गाडी वारंगा फाट्यावर थांबली. खिडकीतून माझं बंद शटर दिसलं. आत गिटार होती. पट्टी बांधलेला डावा हात मी नकळत वर उचलला आणि तारा दाबायला बोटं वाकवली, तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काहून, दुखून राहिलं का?" रेखानं विचारलं.

"न्हाई. गिटार ह्याच हातानं दाबतो मी."

"मंग सांगितलं काहून न्हाई डॉक्टरला?"

"त्यांनी लिहायचं इचारलं. वाजवायचं कुठं इचारलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. मीही हसलो. दोघं गाडीत पोट धरून हसलो. तेव्हा वाटत होतं, पट्टी निघाली की वाजवता येईलच.

हातातली गुणगुण

फिस्टुला चालू असला की हातात थरथर जाणवते. कानाजवळ नेला तर बारीक गुणगुण ऐकू येते. आयुष्यभर लोकांच्या मशिनीतली गुणगुण काढून दिली आणि आता माझ्याच हातात एक बसली होती, ती कधी थांबू नये म्हणून जपायची होती. रेखा रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी माझ्या कोपराशी तळहात लावायची. थरथर लागली की स्टोव्हकडे वळायची. आमच्या घरातलं एवढं प्रेमळ कामकाज दुसरं नाही.

पण हळूहळू बोटं गार पडू लागली. हातात जायचं रक्त मधल्या मध्ये वळत होतं. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची दोन. बधिर, मेणासारखी. मशीनवर असताना तर त्यांत कळा यायच्या. गिटार घेऊन बसलो तर तार दाबली गेली की नाही हेच कळेना. सूर फुटायचा, फाटायचा, किंवा नुसता ठक्क आवाज यायचा.

तारा दाबून दाबून माझ्या डाव्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. सहा वर्षांची कमाई. एक दिवस आंघोळ करताना ते सालासारखे सुटून आले. खाली लेकराच्या बोटासारखी मऊ कातडी होती. मी न्हाणीघरातच बसलो आणि रडलो. किडन्या गेल्या तेव्हा रडलो नव्हतो. हे लाजिरवाणं वाटेल, पण खरं आहे म्हणून लिहितो. कुणाला मशीनवर बसल्यावर भलत्याच गोष्टीसाठी रडू आलं तर त्यानं स्वतःला नावं ठेवू नयेत.

मंगळवार, गुरुवार, शनिवार

हे माझे वार. सकाळी लवकर बाळापूरहून एसटी, कळमनुरीवरून हिंगोली. आधी वजन. दोन खेपांच्या मध्ये अंगात किती पाणी साठलं ते काटा सांगतो आणि सिस्टर त्यावरून सुनावते. मग दोन जाड सुया, चार तास, समोर भिंत. पहिल्या महिन्यात त्या भिंतीवरचे पोपडे मला पाठ झाले.

शेजारच्या खाटेवर किसनकाका असायचे. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचे शेतकरी, साठी ओलांडलेले, चार वर्षांपासून मशीनवर. त्यांना सगळं माहीत. कोणत्या सिस्टरचा हात हलका, कोणतं मशीन उगाच बोंबलतं. मी कानात हेडफोन घालून पडलेलो असायचो. एक दिवस त्यांनी हात लांब केला.

"काय आयकून राहिला रे येवढं? मला बी दे."

मी हेडफोनचं एक टोक त्यांच्या कानात दिलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

"हा येकटाच हाय का?"

"एकटाच."

"पेटी न्हाई, ढोलकी न्हाई. बिचाऱ्याला कोनी सोबतीच भेटला न्हाई काय?"

"त्याला नको असंल, काका."

"आसं कुठं आस्तं?" ते म्हणाले. पाच मिनिटांनी घोरायला लागले. पण पुढच्या गुरुवारी माझ्या सुया टोचून झाल्या तसा त्यांनी कान पुढे केला. शनिवारीही. मग ते रोजचंच झालं. एकदा मला म्हणाले, "ह्याच्यात एक बरं हाय. कोनी काही सांगून नाही राहिलं आपल्याले. दिवसभर समदे सांगूनच राहतात, हे खा, ते नको खाऊ."

मी इतकी वर्षं ते ऐकत होतो, पण इतकं नेमकं मला कधी बोलता आलं नव्हतं.

तहान

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. मला दिवसाला पाऊण लिटर. चहा, वरण, ताक सगळं त्यातच. आपल्याकडे मे महिन्यात पाऊण लिटर म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात आपली रीत अशी की कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवला की आधी हातात तांब्या. नको म्हटलं तर समोरच्याचं तोंड उतरतं. मी लोकांकडे जाणंच बंद केलं.

रेखा सकाळी एका बाटलीत माझं पाणी भरून ठेवायची. मी बर्फाचा एक खडा तोंडात धरायचो आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत जीभ हलवायची नाही असा नेम केला होता. थोडक्यावर थांबायची सवय मला त्या गिटारीनं लावली होती, तिचा उपयोग झाला असेल. पण उगाच मोठं बोलत नाही. तहान ती तहानच. मला स्वप्नात हौद दिसायचे.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी रेखा मीटिंगला गेली होती. भेटायला आलेला एक पाहुणा दोन शहाळी ठेवून गेला होता. माय ती घेऊन आली. "लेकरा, पान्याचं सांगितलंय त्यांनी. शह्याळ्याचं कुठं सांगितलंय? हे तं औषध आस्तंय."

आता खरं सांगतो. मला माहीत होतं. सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की शहाळ्यात पोटॅशियम असतं, मशीनवरच्या माणसाचं काळीज बंद पडू शकतं. मला शब्दन्‌शब्द आठवत होता आणि मी दोन्ही शहाळी प्यालो. माय समाधानानं माझ्याकडे बघत होती.

दिवेलागणीला पायातलं त्राण गेलं. हिंगोलीला नेईपर्यंत नाडी मंदावली होती. लगेच मशीनवर घेतलं म्हणून वाचलो. रेखा मायवर कडाडली. "तुमी लेकाला मारून टाकता का?" माय भिंतीशी बसून राहिली. आणि मी, जाणता माणूस, डोळे मिटून पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी रेखाला खरं सांगितलं. ती उठून आत गेली. मेथीची जुडी घेऊन मायजवळ जाऊन बसली आणि दोघी निवडायला लागल्या. पण त्यानंतर माय माझ्यासमोर पाणी प्यायची थांबली. तहान लागली की तांब्या घेऊन घरामागे जायची. मला ते तहानेपेक्षा जड गेलं. तुमच्या ओळखीत असा पेशंट असेल तर एक करा, शहाळी नेऊ नका. गप्पा न्या.

बांधू का?

बोटांचा रंग बदलायला लागला तसं रेखानं मला पुन्हा नांदेडला नेलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला. बोटं जाणार नाहीत म्हणाले, पण ही बधिरता आणि गारठा राहील. दुरुस्तीचं एक ऑपरेशन असतं, पण माझ्या शिरा पाहता त्यात फिस्टुलाच बंद पडायची भीती मोठी. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं.

"हात परत हवा असेल तर फिस्टुला बांधून बंद करता येईल. उजव्या हातात नवीन करून बघू. तिथल्या शिरा याहून बारीक आहेत, चालेलच असं सांगता येत नाही. तोपर्यंत मानेतली नळी. तिचा धोका तुम्हाला माहीत आहे."

"आणि बांधला तर हात पहिल्यासारखा होईल?" मी विचारलं.

"बराचसा. बांधू का?"

मी रेखाकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तुमचा हात हाय. तुमी सांगा." मी एक आठवडा मागून घेतला.

त्या आठवड्यात मला तो पाच सुरांचा तुकडा सारखा ऐकू येत होता. बसमध्ये, वजनकाट्यावर, जेवताना. शेवटचा सूर वर सरकायला लागायचा आणि तिथेच बोटातली बधिरता जाणवायची. मला तो हात इतका हवा होता की मी मनातल्या मनात हिशेब जुळवायचो. नळी काय, सहा महिने सांभाळू. उजव्या हातातलं चाललं तर चाललं. आणि नाही चाललं तर? इथे हिशेब थांबायचा. एकदा तर मनात आलं, नाही चाललं तर नाही, पण तोवर वाजवून तरी घेईन. हे मी रेखाला सांगितलं नाही. आज ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

गुरुवारी किसनकाकांना विचारलं. त्यांनी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या वर केल्या. डाव्या हातावर दोन वण, उजव्यावर एक. मग कॉलर बाजूला करून मानेतली नळी दाखवली. ती मला रोजच दिसायची, पण मी कधी विचारलं नव्हतं.

"तीन डाव बनवलं. तिन्ही बंद पडलं. आता कुठं जागाच न्हाई राह्यली. दोनदा थंडी वाजून ताप आला, दोन्ही डाव पोरगं रडत आलं. तुव्हं एक चालू हाय."

"म्हंजे ठेवू म्हणता?"

त्यांनी कॉलर पुन्हा नीट केली. "मी कधी काही वाजवलं न्हाई पोरा. मव्हा हात नांगराचा. तुव्हं काय जाऊन राह्यलं ते मला कसं कळंल? मी कोन सांगनार?"

मला वाटतं, त्या आजारपणात माझ्याशी इतकं सरळ कुणीच बोललं नाही. ठेवच म्हणाले असते तर मी कदाचित हट्टानं उलटं केलं असतं.

राहू द्या

ठरलेल्या दिवशी डॉक्टरांसमोर बसलो. रेखानं या वेळी माझा डावा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता. गार बोटं चोळत होती. ती हे नेहमी करायची, काही मुद्दाम नव्हतं. पण तिच्या तळहाताची ऊब मला बोटांना लागत नव्हती, फक्त कोपराजवळची थरथर तिच्या मनगटाला लागत असणार हे कळत होतं. मला जगायचं होतं. एवढं साधं होतं ते, आणि तिथे पोचायला मला आठ दिवस लागले.

"राहू द्या," मी म्हणालो.

मग बाहेर आलो. नांदेडच्या स्टँडवर बाकड्यावर बसून मी हमसून रडलो. लोक बघत होते. रेखानं त्यांच्याकडे पाठ केली आणि माझ्यासमोर उभी राहिली, आडोशासारखी. "रडून घ्या," म्हणाली. "गाडीला टाइम हाय आजून."

दोन महिने गिटारीला हात लावला नाही. दुकानात बॉक्स तपासायलाही ते वाजवणं लावेनासा झालो. सरळ सनई लावायचो. गिऱ्हाईकं खूश होती.

तीन तारा

मग एका रविवारी आपल्याच मूर्खपणाचा राग आला. दुकानात रोज डावं-उजवं उलटं जोडलेलं मी सुलटं करतो. मग हे उलटं करायला काय झालं? गिटार काढली आणि मांडीवर सपाट ठेवली, म्हणजे तिची कड कोपरावर दाबली जाणार नाही. गिटारीची मान उजवीकडे. सहातल्या तीन तारा काढून टाकल्या, उरलेल्या तीनही मला जड होत्या. डावा अंगठा अजून शाबूत होता, तो छेडणार. उजव्या हाताचं बोट वरून तार दाबणार.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसलो. उजव्या बोटाला जागा सापडेना. ते इतकं मऊ की तारेनं चिरा पडायच्या. पाच सूर तर लांबच, तीन सूर ओळीनं यायला पावणेदोन महिने लागले. आणि तो शेवटचा, वर सरकत जाणारा, तो आजही येत नाही. येईल असं वाटत नाही. डोक्यात मात्र तो रोज वाजतो. तो ऐकण्यासाठी मी किती तळमळतो हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी उपयोग नव्हता. ज्यांचं काही कायमचं गेलंय त्यांना ते माहीत आहे. सगळं परत मिळेल असं मी कुणाला सांगणार नाही.

पण त्या तीन सुरांचं मी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. शनिवारी माझ्या सुया टोचून झाल्यावर किसनकाकांनी सवयीनं कान पुढे केला. मी त्यांना हे माझं आहे असं सांगितलं नाही. नेहमीचाच गिटारवाला समजून ऐकतील, कंटाळले तर कंटाळतील, असा विचार करून लावून दिलं.

पहिला सूर आला. बरा आला होता. तो विरला. मग दुसरा, थोडा फाटका. त्यानंतर तिसऱ्याआधी मोठा खंड होता. माझं बोट जागा शोधत होतं. रेकॉर्डिंगमध्ये बोट तारेवरून घासल्याचा बारीक आवाज येत होता, बाहेरून गेलेली एक मोटारसायकल येत होती, आणि बाकी काहीच येत नव्हतं. इतका वेळ कुठलाही वाजवणारा थांबत नाही. मला शरम वाटली. मी मोबाइल बंद करायला उजवा हात पुढे केला.

किसनकाकांनी छतावरची नजर हलवली नाही. नुसतं माझं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "येऊन राह्यला."

आम्ही दोघं थांबलो, आणि तो आला.